डायल-अप लागतं, सर्व्हर दिसतो, पण त्याच्या पलीकडचं मशीन दिसत नाही

मशीदबंदर_हिशेब · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मशीद बंदरला मसाल्याच्या एका घाऊक पेढीत मी हिशेब बघतो. नेटवर्किंग शिकलेलो नाही, पण ऑफिसातली मशीनं सांभाळायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. तीन दिवस अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.० (मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०). ब्रॉडबँडचा राउटर १९२.१६८.१.१. विंडोज २००३ चा सर्व्हर १९२.१६८.१.१०, त्याला एक मोडेम आणि वेगळी फोन लाइन. बिलिंग आणि स्टॉकचा प्रोग्राम मात्र सर्व्हरवर नाही, तो १९२.१६८.१.२० या विंडोज एक्सपी मशीनवर आहे. सर्व्हरवर राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस चालू करून बाहेरून येणाऱ्यांसाठी १०.१०.१०.१ ते १०.१०.१०.१० असे पत्ते ठेवलेत.

भांडुपला आमचा गाळा आहे. तिथे तीन मशीन एका हबवर, त्यातल्या एकाला मोडेम. त्या गल्लीत ब्रॉडबँड अजून पोचलेलं नाही, विचारून झालंय. म्हणून तिथून ऑफिसला डायल करायचं.

घरून (मुलुंड) लॅपटॉपने डायल केलं तर कनेक्ट होतं आणि १९२.१६८.१.१० ला पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) जातं. १९२.१६८.१.२० ला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. गाळ्यातून डायल केल्यावरही १० ला पिंग जातं, उलट एकदम फास्ट जातं. पण २० ला नाही, आणि १० वरचे फोल्डर उघडायला गेलं तर भलतंच काहीतरी दिसतं. आत्ता टेम्पो आला की गाळ्यातला माणूस फोनवर माल सांगतो, मी चलन हाताने लिहितो, चुका होतात, मग पार्टीशी वाद. कृपया कोणीतरी बघा.

पनवेल_फास्ट · सोमवार, रात्री ११:४५

कनेक्ट झाल्यावर आयपीकॉन्फिग (मशीनचे पत्ते दाखवणारी आज्ञा) बघा. डायल-अपला मास्क २५५.२५५.२५५.२५५ येतो का? तिथेच चूक आहे. इतका घट्ट मास्क असला तर त्या पत्त्याशिवाय दुसरं काही दिसणारच नाही. तो २५५.२५५.२५५.० करा.

मशीदबंदर_हिशेब · मंगळवार, सकाळी ८:२०

हो, तसाच येतो! आणि गेटवेच्या जागी स्वतःचाच पत्ता येतो, १०.१०.१०.२. तो मास्क कुठे बदलायचा तेवढं सांगा दादा.

जुना_मोडेम · मंगळवार, सकाळी ९:०५

बदलू नका. बदलायला जागाही मिळणार नाही.

पनवेलभाऊ, ही शंका मलाही होती, १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सगळ्यांना खुलं केलं त्यानंतरच्या काळात. मी पहिल्यांदा तो मास्क बघितला तेव्हा दोन रात्री त्याच्याच मागे होतो. पण ती चूक नाही. डायल-अपवर पीपीपी चालतं. पीपीपी म्हणजे एका तारेची दोन टोकं, मधे तिसरं कोणी नाही. पत्ता ठरतो तो आयपीसीपी नावाच्या बोलणीत, आणि त्या बोलणीत मास्कसाठी कलमच नाही (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, आरएफसी १३३२, साल १९९२). म्हणून विंडोज आपल्या बाजूने ३२ बिटांचा मास्क लावून मोकळं होतं. गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता दिसणं हेही एक्सपीवर नेहमीचंच. त्याचा अर्थ एवढाच की ‘बाकी सगळं या तारेत ढकल’.

तार जिथे संपते तिथून पुढे काय होतं ते बघा.

नेटवर्कवाली · मंगळवार, दुपारी १:३०

जुना_मोडेम काकांशी सहमत. मी दिवसभर हेच काम करते, म्हणून दोन गोष्टी मागते. वर्णन नको, स्क्रीनवर जे येतं तेच जसंच्या तसं द्या.

पहिली: गाळ्यातून १९२.१६८.१.१० ला केलेलं पिंग. तुम्ही ‘एकदम फास्ट’ लिहिलंय, मला आकडा हवा.

दुसरी: घरून लॅपटॉप कनेक्ट करून ठेवा, आणि ऑफिसात कोणालातरी बिलिंगच्या मशीनवर बसवून १०.१०.१०.२ ला ट्रेसर्ट (निरोप कुठून कुठून जातो ते दाखवणारी आज्ञा) करायला सांगा. उलट्या दिशेने. लॅपटॉपवरून नको.

पनवेल_फास्ट · मंगळवार, दुपारी २:१५

मास्कचं समजलं, माझी माहिती चुकीची होती. काका, धन्यवाद.

एक विचारतो, हे सगळं सोडून गाळ्यातून डायल-अप इंटरनेट घेऊन व्हीपीएन (इंटरनेटमधूनच ऑफिसपर्यंतचा खाजगी रस्ता) केलं तर?

नेटवर्कवाली · मंगळवार, दुपारी २:४०

व्हीपीएनसुद्धा त्याच सर्व्हरवर येऊन उतरणार आणि त्याच पूलमधला (बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या पत्त्यांमधला) पत्ता घेणार. अडचण होती तिथेच राहील, वर इंटरनेटचं बिल वाढेल.

मशीदबंदर_हिशेब · मंगळवार, रात्री ९:५०

ताई, हे घ्या.

गाळ्यातून पिंग: १९२.१६८.१.१० कडून रिप्लाय, वेळ १ मिलिसेकंदापेक्षा कमी, टीटीएल १२८. चारही वेळा तेच. घरून तेच पिंग १६० ते १७५ मिलिसेकंद.

बिलिंगच्या मशीनवरून ट्रेसर्ट: पहिल्या ओळीत १९२.१६८.१.१. दुसऱ्या ओळीत ब्रॉडबँडवाल्यांचा कुठलातरी पत्ता. तिसरीपासून नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तरच नाही.

नेटवर्कवाली · मंगळवार, रात्री १०:३५

मिळालं. तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही एकाच वेळी दिसत होते, म्हणून तुम्ही तीन दिवस चक्रावलात. वेगवेगळे बघू.

आधी गाळा. मोडेमवरून जाऊन आलेला पॅकेट (निरोपाचा तुकडा) १ मिलिसेकंदात परत येऊच शकत नाही. मोडेम आवाज करून बोलतात, त्यातच शंभर-दीडशे मिलिसेकंद जातात. घरचा आकडा खरा आहे. गाळ्यात तुम्हाला उत्तर देणारा ऑफिसचा सर्व्हर नव्हताच. तिथल्याच हबवरच्या एखाद्या मशीनला १९२.१६८.१.१० हा पत्ता दिलेला असणार, म्हणूनच फोल्डर भलतेच दिसले. गाळ्याचं नेटवर्कही १९२.१६८.१.० आहे ना?

कारण असं. मशीनकडे राउटची (कुठल्या पत्त्यासाठी कुठली वाट याची) यादी असते आणि पत्त्याशी सर्वांत जास्त जुळणारी ओळ जिंकते. ‘१९२.१६८.१.० माझ्याच हबवर आहे’ ही ओळ २४ बिटांनी जुळते. ‘बाकी सगळं तारेत ढकल’ ही ओळ शून्य बिटांनी. त्यामुळे ऑफिससाठी निघालेला पॅकेट मोडेमकडे वळलाच नाही, गाळ्यातच फिरला. दोन्ही टोकांना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) असेल तर राउट लिहून हे नीट सुटत नाही. गाळ्याचे पत्ते बदलून १९२.१६८.५.० करा. ऑफिसला हात लावू नका, तीन मशीन बदलणं सोपं.

आता घर. ट्रेसर्टमध्ये सगळं उघड झालंय. तुमच्या लॅपटॉपचा पिंग सर्व्हरमधून पुढे जातो, बिलिंगच्या मशीनपर्यंत व्यवस्थित पोचतो. ते मशीन उत्तरही देतं. पण उत्तर जायचंय १०.१०.१०.२ ला, आणि या मशीनला १०.१०.१० नावाचं गाव माहीत नाही. मग ते गेटवेकडे देतं, म्हणजे ब्रॉडबँडच्या राउटरकडे. राउटरलाही माहीत नाही, तो इंटरनेटवर सोडून देतो, आणि १० ने सुरू होणारे पत्ते खाजगी असल्यामुळे तिथे ते कोणी पोचवत नाही (आरएफसी १९१८, फेब्रुवारी १९९६). तुम्ही तीन दिवस लॅपटॉपच्या सेटिंग्ज बदलत होतात. लॅपटॉप पहिल्यापासून बरोबर होता, उत्तराला घरी यायची वाट नव्हती.

माझ्या कामातल्या डायल-अपच्या तक्रारींपैकी बहुतेक अशाच निघतात. लोक डायल करणाऱ्या मशीनसमोर बसून राहतात, कारण एरर तिथे दिसते.

जुना_मोडेम · बुधवार, सकाळी ७:४०

उपाय दोन. एक, राउटरवर स्टॅटिक राउट (हाताने लिहून ठेवलेली वाट): १०.१०.१०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१०. दोन, पूलच बदलायचा: १०.१०.१० काढून ऑफिसच्याच नेटवर्कमधले, म्हणजे १९२.१६८.१.२०१ ते २१० द्यायचे. फक्त राउटरचं डीएचसीपी ते पत्ते दुसऱ्या कोणाला वाटत नाही एवढं बघायचं.

मी दुसरा निवडेन. त्यात सर्व्हर प्रॉक्सी एआरपी करतो. सोसायटीचा वॉचमन जसा कुरिअर घेतो तसं. ऑफिसातलं मशीन ओरडतं, ‘२०२ कोण आहे?’ २०२ तर मुलुंडला बसलाय. सर्व्हर म्हणतो, ‘माझ्याकडे द्या’, आणि तारेतून पुढे पाठवतो. राउटरला काही शिकवावं लागत नाही.

आणखी एक फायदा. डायल-अपच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क’ अशी खूण असते. ती काढली तर विंडोज मिळालेल्या पत्त्याच्या जुन्या वर्गावरून (पहिल्या आकड्यावरून नेटवर्क केवढं ते ठरवायची पद्धत) एक राउट स्वतःच टाकतं. पत्ता १०.१०.१०.२ असेल तर १०.०.०.० चा, त्याने १९२.१६८.१ कसं दिसणार? पत्ता १९२.१६८.१.२०२ असेल तर १९२.१६८.१.० चा, जो तुम्हाला हवाच आहे. वर्ग पद्धत १९९३ मध्ये सीआयडीआर (वर्गांशिवाय पत्ते वाटायची पद्धत) आलं तेव्हाच मागे पडली, पण विंडोजच्या या कोपऱ्यात ती अजून जिवंत आहे.

मशीदबंदर_हिशेब · बुधवार, रात्री १०:१५

काका, पूल बदलला. ताई, गाळ्यातले पत्ते १९२.१६८.५.११, १२, १३ केले. (हो, लेबल छापायच्या मशीनचा पत्ता १९२.१६८.१.१० च होता. मीच दिला होता, ऑफिससारखं सगळीकडे सारखं ठेवावं म्हणून.)

घरून बिलिंगला पिंग गेलं, प्रोग्रामही उघडला! गाळ्यातून ५.११ वरून, म्हणजे मोडेमवाल्या मशीनवरून, तेही चाललं.

पण ५.१२ आणि ५.१३ वरून काहीच नाही. आणि मला खरं हवंय ते उलटं: मी ऑफिसातून चलन काढलं की ते ५.१२ ला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून निघायला हवं. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू करू का? एका मित्राने तेच सुचवलं.

नेटवर्कवाली · गुरुवार, दुपारी १२:५०

शेअरिंग नको. ते गाळ्यातल्या कार्डाचा पत्ता परस्पर १९२.१६८.०.१ करून टाकेल आणि तुमचे नवे पत्ते मोडतील. शिवाय ते सगळ्यांना एका पत्त्यामागे लपवतं. गाळ्यातून ऑफिसला जाता येईल, पण ऑफिसमधून ५.१२ च्या प्रिंटरपर्यंत पोचता येणार नाही. तुम्हाला तर तेच हवंय.

इथे प्रॉक्सी एआरपी संपतं. वॉचमन फक्त त्याच्या वहीत नाव असलेल्या २०२ साठी कुरिअर घेतो. २०२ च्या मागे अख्खी दुसरी चाळ आहे, १९२.१६८.५.०, ती त्याच्या वहीत नाही. आता खरं सबनेट राउटिंग करायचं आणि त्याला चार ठिकाणी हात लावावा लागेल. एकही राहिलं तर चालणार नाही, आणि राहिलेलं कुठलं हे एररवरून कळणार नाही, म्हणून क्रमाने करा.

गाळ्यातल्या ५.१२ आणि ५.१३ चा गेटवे ५.११ करा. हे सोपं.

मग ५.११ ला दुसऱ्याचे पॅकेट पुढे द्यायला शिकवा. एक्सपी ते आपण होऊन करत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) टीसीपीआयपीच्या पॅरामीटर्समध्ये ‘आयपीएनेबलराउटर’ नावाची किंमत ० असते, ती १ करा आणि मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरू नका.

नंतर ऑफिसचा सर्व्हर. त्याला कळायला हवं की १९२.१६८.५.० हे गाळ्याच्या कॉलच्या मागे आहे. गाळ्यासाठी वेगळा युजर करा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल-इन टॅबवर ‘अप्लाय स्टॅटिक राउट्स’ आहे, तिथे १९२.१६८.५.०, मास्क २५५.२५५.२५५.० टाका. तो युजर जोडला गेला की सर्व्हर तो राउट स्वतः उभा करतो, फोन ठेवला की काढतो. कॉल चालू असताना सर्व्हरवर ‘राउट प्रिंट’ करून ती ओळ आली का ते डोळ्यांनी बघा.

आणि शेवटी ब्रॉडबँडचा राउटर. कालपर्यंत त्याला शिकवायची गरज नव्हती, आता आहे. स्टॅटिक राउट: १९२.१६८.५.०, २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१०. नाहीतर बिलिंगचं उत्तर पुन्हा इंटरनेटवर जाईल, परवासारखंच.

लालबागकर · गुरुवार, दुपारी ३:२०

सर्व्हरच्या बाबतीत एक भर घालतो, माझा आठवडा गेलाय यात. काही जण डायल-इन टॅबऐवजी सर्व्हरवर डिमांड-डायल इंटरफेस (गरजेप्रमाणे लागणारी जोडणी) बनवून त्याच्यावर राउट लावतात. चालतं, पण डायल करणाऱ्याचं युजरनेम आणि त्या इंटरफेसचं नाव हुबेहूब एकच असावं लागतं. माझ्याकडे इंटरफेस ‘वसई’ आणि युजर ‘वसई१’ होता. कॉल लागायचा, पत्ता मिळायचा, पिंग जायचं, पण सर्व्हर त्याला एक साधा ग्राहक समजायचा, राउटर नाही. मागचं सबनेट मेलेलं. इव्हेंट लॉगमध्ये एकही लाल खूण नाही. शेवटी नाव बदललं आणि त्याच क्षणी चालू झालं.

मशीदबंदर_हिशेब · गुरुवार, रात्री ११:३०

चारही केलं. ‘राउट प्रिंट’मध्ये १९२.१६८.५.० ची ओळ आली, समोर १९२.१६८.१.२०२. ती बघून इतका आनंद झाला की गाळ्यातल्या माणसाला फोन लावला, मग लक्षात आलं की लाइन मोडेमने धरली आहे. त्याच्या मोबाइलवर लावला.

५.१२ आणि ५.१३ वरून बिलिंगला पिंग जातंय, १८० मिलिसेकंद. पण प्रोग्राम उघडत नाही, शेअर केलेलं फोल्डरही नाही. ५.११ वरून मात्र दोन्ही उघडतं. राउट बरोबर असेल तर असं का व्हावं?

नेटवर्कवाली · शुक्रवार, सकाळी १०:०५

राउट बरोबर आहे, पिंगने ते सिद्ध केलं. आता फायरवॉल. एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक (ऑगस्ट २००४) टाकला की विंडोज फायरवॉल चालू होतो, आणि फाइल व प्रिंटर शेअरिंगची सूट फक्त आपल्या सबनेटपुरती ठेवतो. ५.११ बोलतं ते तारेच्या पत्त्यावरून, १९२.१६८.१.२०२, म्हणजे बिलिंगच्या दृष्टीने घरचाच माणूस. ५.१२ परका.

बिलिंगच्या मशीनवर कंट्रोल पॅनेल, विंडोज फायरवॉल, एक्सेप्शन्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, एडिट, चेंज स्कोप. तिथे ‘कस्टम लिस्ट’ निवडून दोन्ही सबनेट मास्कसकट, मधे स्वल्पविराम देऊन टाका. त्या यादीत चार ओळी असतात, चारही पोर्टसाठी करा. फायरवॉल सरसकट बंद करू नका, राउटर इंटरनेटला जोडलेला आहे. आणि हेच ५.१२ वरही करा, नाहीतर चलन प्रिंटरच्या दारात अडेल.

प्रिंटर जोडताना मशीनचं नाव नको, पत्ता लिहा. नावं शोधायची हाक ब्रॉडकास्टने (आपल्याच नेटवर्कात सगळ्यांना एकदम) जाते आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही.

जुना_मोडेम · शुक्रवार, सकाळी १०:४०

राउटिंग झालं की लगेच पुढची तक्रार वेगाची येणार, म्हणून आधीच सांगतो. मोडेमवर ५६ के लिहिलेलं असतं, पण ५६ साठी पलीकडचं टोक डिजिटल लाइनवर लागतं. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना साध्या फोन लाइन आहेत, जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला ४ केबीच्या आसपास. बिलिंगची डेटा फाइल ६ एमबीची असेल आणि गाळ्यातलं मशीन ती शेअरवरून उघडत असेल, तर पंचवीस मिनिटं नुसती वाट बघायची. त्यापेक्षा बिलिंगच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप घ्या, रंग कमी ठेवा. फाइल ऑफिसातच राहते, तारेतून फक्त चित्र येतं. चलन म्हणजे साधा मजकूर, तो सहज जाईल.

पावसात लाइन खराब झाली की कॉल लावण्याआधी हँडसेट उचलून ऐका. खरखर असेल तर मोडेम खालच्या वेगावर बसेल किंवा मधेच सुटेल. त्या दिवशी राउट तपासत बसू नका.

मशीदबंदर_हिशेब · शनिवार, संध्याकाळी ६:१०

आज दुपारी पावणेचारला ऑफिसातून चलन पाठवलं. गाळ्यातला माणूस मोबाइलवर होता. आधी काहीच नाही. मग त्याच्या फोनमधून प्रिंटरचा तो कर्रकर्र आवाज मला मशीद बंदरला ऐकू आला. तीन प्रती, कार्बनसकट. टेम्पोवाला तिथेच उभा होता, सही करून गेला. शेठना फोनवर आवाज ऐकवला.

ताई, काका, लालबागकर, पनवेलभाऊ, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही एकमेकांचं खोडून काढत होतात तेव्हाच मला जास्त समजत होतं.

एक शंका राहिली. सोमवारी रात्री इथे लिहिण्याआधी मी प्रयोग म्हणून बिलिंगच्या मशीनवर एक राउट टाकला होता, १९२.१६८.५० असा काहीतरी, गेटवे चुकीचा, आणि त्याला ‘-पी’ लावलं होतं. तो अजून असेल का?

नेटवर्कवाली · शनिवार, संध्याकाळी ७:००

असेल. ‘-पी’ म्हणजे कायमचा, रीस्टार्ट केल्यावरही टिकतो. ‘राउट प्रिंट’च्या शेवटी ‘पर्सिस्टंट राउट्स’ म्हणून वेगळी यादी येते, तिथे बघा. आज त्रास देत नाही, पण उद्या कुठे ५० नंबरचं सबनेट केलंत तर तिथे उगाच अडकाल. ‘राउट डिलीट’ लिहून पुढे तो पत्ता द्या, इंग्रजी अंकात.

मशीदबंदर_हिशेब · शनिवार, संध्याकाळी ७:२५

होता. काढला. पुन्हा राउट प्रिंट केलं, पर्सिस्टंटच्या खाली आता ‘नन’ लिहून येतंय.